पॉलीहाऊस टोमॅटो: दोन रोपांत अंतर किती ठेवायचं, एक खोड की दोन?

नवा_पडदा
नमस्कार मंडळी. हजार चौरस मीटरचं पॉलीहाऊस तयार आहे, रोपं ट्रेमध्ये वाढतायत, आणि मी अजून दोन रोपांतल्या अंतरावरच अडकलोय. टोमॅटो मला नवीन नाही, उघड्यावर बांबू-तार करून घेत आलोय, पण आतलं गणित वेगळं असतं असं सगळेच सांगतात आणि नेमकं वेगळं काय ते कुणी सांगत नाही. माझ्या बेडच्या मध्यापासून पुढच्या बेडच्या मध्यापर्यंत १.६ मीटर आहे, प्रत्येक बेडवर दोन ओळी, दोन ठिबक नळ्या. वरची तार साधारण ३ मीटरवर आहे.

आता प्रश्न. एक जण म्हणतो ३० सेंमीवर लाव, जेवढी जास्त रोपं तेवढा जास्त माल, जागा महाग आहे ती रिकामी कशाला ठेवायची. दुसरा म्हणतो ६० सेंमीवर लाव आणि प्रत्येक रोपाला दोन खोडं धर, रोपांचा खर्च निम्म्यावर. तिसरा म्हणतो ४५ आणि एक खोड, डोकं लावू नकोस. शिवाय छाटणीचं पण प्रत्येकाचं वेगळं, कोणी म्हणतं खालची पानं भरपूर काढ म्हणजे फळं फुगतात, कोणी म्हणतं पानाला हात लावू नकोस तोच कारखाना आहे. वाण मध्यम आकाराच्या गोल फळाचा, सतत वाढणारा. तुम्ही काय करता आणि का करता ते सांगा, नुसता आकडा नको.

तारेवरचा
भाऊ तुमचा प्रश्न थोडा बदलून घ्या मग अर्धं उत्तर आपोआप मिळेल. रोपं किती हे मोजू नका, एका चौरस मीटरमध्ये खोडं किती चढतायत ते मोजा. पॉलीहाऊसमध्ये जागेचा हिशोब खोडावर चालतो, कारण ऊन खोडाला लागलेली पानं पकडतात, त्या पानांच्या खाली मूळ एक आहे की दोन त्याने उन्हाला फरक पडत नाही.

तुमच्याच मापांवर करून बघू. बेडच्या एक मीटर लांबीला १.६ चौरस मीटर जागा येते (वाटेसकट). ४५ सेंमीवर दोन ओळी म्हणजे मीटरला ४.४४ रोपं, भागिले १.६, झाली २.८ खोडं चौरस मीटरला. ५० सेंमीवर बरोबर २.५. ३० सेंमीवर ४.२. आणि आता गंमत बघा, ६० सेंमीवर दोन खोडं धरली तरी ४.२ च येतात. म्हणजे तुमचा पहिला आणि दुसरा सल्लागार एकमेकांशी भांडत असले तरी दोघं एकच गोष्ट सांगतायत, दाटी तेवढीच, फरक फक्त रोपांच्या खर्चात. ४५ वर दोन खोडं कुणी सांगितली तर ५.६ होतात, तिथं फक्त जंगल उगवतं.

मध्यम फळाच्या वाणाला साधारण २.५ खोडांपासून सुरुवात करतात, भरपूर ऊन असेल तर ३.३ किंवा ३.५ पर्यंत नेतात. ४ च्या वर मी चेरी टोमॅटोशिवाय जात नाही. चेरीचं फळ लहान, पान पण बऱ्याचदा हलकं, तिथं चालून जातं. मोठ्या फळाच्या वाणाला २.५ च्या आसपासच राहा.

आणि "जेवढी जास्त रोपं तेवढा जास्त माल" हे अर्धं खरं आहे म्हणून जास्त धोक्याचं. दाटी वाढवली की एका खोडाचा माल कमी होतो पण चौरस मीटरचा माल काही काळ वाढत जातो आणि मग थांबतो. समजण्यापुरते आकडे घ्या, कुणाच्या शेतातले नाहीत: २.५ खोडांना प्रत्येकी ६ किलो म्हणजे १५ किलो. ३.३ खोडांना ५ किलो, झाले साडेसोळा. ४.२ ला ४ किलो, झाले पावणेसतरा. शेवटच्या उडीत खोडं चौथ्या हिश्शाने वाढली आणि हातात आलं जेमतेम पाव किलो, त्यात दोरी, क्लिपा, मजुरी सगळं चौथ्या हिश्शाने वाढलेलं, आणि फळ बारीक झालेलं. निवडीत मोठ्या फळाला भाव वेगळा मिळत असेल तर माल वाढून पण तोटा होतो.

कोरडं_पान
तारेवरचा यांचं गणित बरोबर आहे पण त्यांनी दाटीचा जो खरा मार असतो तो सांगितलाच नाही. दाट लावलेल्या घरात दुपारी वर चांगलं वाटतं पण पहाटे आत जाऊन खालच्या पानांना हात लावून बघा, ओली असतात. पान ओलं राहिलं की करपा, पानावरची मऊ बुरशी, राखाडी बुरशी यांना आमंत्रण. राखाडी बुरशी तर खोडात बहुतेक ताज्या जखमेतूनच शिरते, म्हणजे तुम्ही छाटणी केली आणि जखम रात्रभर ओली राहिली की खोडावर तपकिरी डाग, आणि तो खोडाला वेढून गेला की वरचं सगळं रोप गेलं, फळांसकट. आणि फवारणी करायची म्हटली तर दाटीत औषध आतपर्यंत पोचतच नाही, वरची पानं धुऊन निघतात आणि खालची कोरडी.

माझं मत सरळ आहे. तुमच्या घराला वरची खिडकी आणि बाजूचे पडदे दोन्ही नीट उघडत असतील, हवा खेळत असेल, तर ३ च्या वर जा. नुसतेच बाजूचे पडदे असतील आणि घर रुंद असेल तर मधल्या बेडांना २.५ च्या वर जाऊ नका, कडेच्या ओळींना वाटलं तर जरा जास्त धरा कारण त्यांना बाजूने ऊन पण मिळतं आणि वारा पण. सगळ्या घरात एकच अंतर हा नियम कुणी केला माहीत नाही.

नवा_पडदा
वा, खोडं मोजायची हे डोक्यात बसलं. माझ्याकडे वर खिडकी आहे, बाजूचे पडदे पण आहेत. पण मग दोन खोडं धरण्यात तोटा काय, रोपं अर्धीच लागतात ना? आणि पानांचं कुणी सांगा.

तारेवरचा
दोन खोडांचा फायदा रोपाच्या खर्चात, विशेषतः कलमी रोप असेल तर तो मोठाच असतो आणि कलमाची मुळं ताकदीची असल्याने दोन खोडं आरामात ओढतात. तोटा म्हणजे पहिला माल थोडा उशिरा, कारण सुरुवातीला तेवढंच मूळ दोन शेंडे वाढवतंय. पीक कमी महिन्यांचं असेल तर हा उशीर बोचतो, लांबलचक पीक असेल तर पुढे भरून निघतो. शिवाय एक रोप मेलं की दोन खोडांची जागा मोकळी होते.

दुसरं खोड कुठून धरायचं तर पहिल्या फुलाच्या घडाच्या लगेच खालच्या पानाच्या बेचक्यातून जो फुटवा येतो तो. तो सगळ्यात जोमाचा असतो. त्याच्या खालचे सगळे काढून टाका. काही नर्सरीवाले रोप लहान असतानाच शेंडा मारून दोन सारखी खोडं काढून देतात, ती एकसारखी चालतात, फुटव्यातून धरलेलं मात्र थोडे दिवस मागे राहतं.

आता माझी खरी शिफारस. ५० सेंमीवर लावा, एक खोड. म्हणजे २.५. मग पुढे ऊन वाढणारे महिने येणार असतील तर प्रत्येक तिसऱ्या रोपावर एक जोमदार फुटवा धरा. २.५ चे ३.३ झाले, एकही रोप जास्त न लावता. मोठमोठ्या काचघरांत हेच करतात, कमी उन्हात कमी खोडं आणि ऊन वाढलं की फुटवे धरून खोडं वाढवायची. तुम्ही ३० सेंमीवर लावून बसलात आणि महिनाभर ढग आले तर रोपं उपटणार आहात का? धरलेल्या खोडाचा शेंडा कधीही खुडता येतो.

पर्णसंख्या
पानांबद्दल मी लिहितो, कारण "पानं काढली की फळं फुगतात" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडायचं पण सोडून दिलंय.

फळ साखरेवर वाढतं आणि साखर पानात बनते. रोपाची जी काही कोरडी वाढ (पाणी सोडून भरणारं वजन) होते तिच्यातला अर्ध्याहून जास्त वाटा चांगल्या पिकात फळांकडे जातो, उरलेला पानं, खोड, मुळांकडे. म्हणजे पान काढून फळाला साखर जास्त मिळते असं होत नाही, मिळालीच तर कमी मिळते. पण सगळी पानं सारखं काम करत नाहीत. ऊन वरून येतं, वरची पानं बहुतेक खाऊन टाकतात, एकदम बुडाच्या पानाला सावलीत जे मिळतं त्यात त्याचं स्वतःचं कसंबसं भागतं. ते पान म्हातारं पण झालेलं असतं. ते काढलं तर मालाला काही होत नाही आणि हवा मोकळी होते. म्हणून दोघं सल्लागार थोडे थोडे बरोबर आहेत, कुठलं पान याचा पत्ता दोघांनी दिला नाही.

मोजायचं कसं: एक चौरस मीटर जमिनीवर साधारण ३ चौरस मीटर पान असेल तर आत आलेल्या उन्हातलं जवळपास ९० टक्के पकडलं जातं. त्याच्या वर कितीही पान वाढवा, उरलेल्या दहा टक्क्यांतच भांडण. २ च्या खाली गेलात की मात्र ऊन जमिनीवर पडायला लागतं, आणि जमिनीवर पडलेलं ऊन म्हणजे वाया गेलेला माल. ग्रीनहाऊसवाले ढोबळ नियम सांगतात की एक टक्का ऊन कमी म्हणजे जवळपास एक टक्का माल कमी. (म्हणूनच वरच्या प्लास्टिकवरची धूळ धुवा, त्याला छाटणीइतकंच महत्त्व द्या. हे कुणी विचारलं नव्हतं पण सांगतोच.)

आता हे पान मोजायला कुणी पट्टी घेऊन बसत नाही. म्हणून सोपं: एका खोडावर १४ ते १८ चांगली उघडलेली पानं राहू द्या. सतत वाढणाऱ्या टोमॅटोत साधारण तीन पानांमागे एक घड येतो, म्हणजे दर आठवड्याला वर तीन पानं नवीन येत असतील तर खालची दोन-तीनच काढायची. हिशोब एवढाच आहे. कोणीतरी एकदम दहा पानं ओरबाडतो आणि मग विचारतो फळं का तडकली. अहो पानं उडवत होती ते पाणी आता कुठे जाणार, मुळं तर तेवढंच ढकलतायत, ते फळात जातं आणि साल फाटते. एका वेळी तीन पानं, फार तर.

आणि किती वरपर्यंत? जो घड रंगायला लागलाय त्याच्यापर्यंत. त्याच्या खालची काढा, वरची ठेवा. अजून हिरव्या असलेल्या घडाच्या आसपासची पानं काढलीत तर कडक उन्हात फळावर पांढरट चट्टा पडतो किंवा देठाजवळ पिवळं कडक राहतं, ३० अंशाच्या वर फळ तापलं की लाल रंग नीट भरतच नाही. उन्हाच्या महिन्यात पान हे फळाची छत्री पण असतं.

कोरडं_पान
पर्णसंख्या यांच्याशी सहमत, एकच भर. दाटी आणि पानं ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत. ३.३ खोडांवर १८-१८ पानं ठेवलीत तर ती दाटीच, तिथं १४ वर या. २.५ खोडांवर १८ चालतील. जमिनीच्या तुकड्यावर एकूण पान किती, हेच दोन्ही बाजूंनी बघायचं. म्हणजे अंतर चुकलं असेल तर काही प्रमाणात पानं काढून सावरता येतं, पण फार नाही, कारण खोडं दाट असली की शेंडे पण दाट असतात आणि वरच्या कोवळ्या पानांना हात लावायचा नसतो.

थांबा, वरच्या पानांना हात लावायचा नसतो हे सरसकट नाही. रोप फार पाल्यावर गेलं असेल, पानं जाड गडद आणि वळलेली, शेंड्याजवळचं खोड अंगठ्याएवढं, तर शेंड्याजवळचं एखादं कोवळं पान खुडणारे पण आहेत. नवीन माणसाने त्या भानगडीत पडू नये.

फुटवे_काढ
मी इथं फक्त फुटव्यांसाठी आलोय. सगळे अंतरावर आणि पानांवर बोलले, पण माल खरा बुडतो तो न काढलेल्या फुटव्यांत. आठवड्यातून एक फेरी. ठरलेल्या वारी. उन्हाळ्यात जोमात असेल तर दोन. फुटवा बोटाएवढा, साधारण ५ सेंमीचा असताना अंगठा आणि बोटात धरून बाजूला वाकवला की टचकन निघतो, जखम छोटी, दुपारपर्यंत वाळते. तोच एक फूट झाला की कात्री लागते, मोठी जखम होते आणि तोवर त्याने खाल्लेली साखर गेली ती गेलीच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो इतका शेंड्यासारखा दिसतो की नवा मजूर फुटवा ठेवून मुख्य शेंडाच खुडतो. तसं झालंच तर घाबरू नका, वरचा सगळ्यात जवळचा फुटवा धरून त्यालाच खोड करा.

सकाळी काढा. सकाळी रोप पाण्याने भरलेलं असतं, फुटवा आणि पान दोन्ही काचेसारखं मोडतं, साल सोलून येत नाही, आणि पुढे अख्खा दिवस जखम सुकायला मिळतो. पावसाळी दमट दिवशी काढूच नका, एक दिवस पुढे ढकला. पान काढताना खोडाला चिकटून स्वच्छ काढा, बोटभर देठ सोडला की तोच सडतो आणि खोडात उतरतो.

शेंडा तारेला पोचला की दोरी सोडून खोड खाली उतरवायचं काम मात्र दुपारनंतर. तेव्हा रोप जरा सैल पडलेलं असतं, वाकवताना मोडत नाही. म्हणजे एकाच दिवशी सकाळी पानं-फुटवे आणि दुपारी उतरवणी असं लावता येतं, आणि उतरवायच्या आधी पानं काढलेलीच बरी नाहीतर ती मातीला टेकतात.

अजून एक, आणि हे मी ओरडून सांगतो. हात. टोमॅटोचे काही व्हायरस, तांबेऱ्यासारखा फळ खराब करणारा तो नवीन पण आणि जुना मोझॅक पण, हे हातावरून, कात्रीवरून, कपड्यावरून एका रोपावरून दुसऱ्यावर जातात. जिवाणूचा कँकर पण कात्रीवर बसून फिरतो. म्हणजे छाटणी करणारा माणूसच गाडी असतो रोगाची. एखादं रोप संशयास्पद दिसलं तर त्याला शेवटी हात लावा, प्रत्येक ओळीनंतर हात साबणाने धुवा, कात्री जंतुनाशकात बुडवा. तंबाखू खाऊन, बिडी ओढून आत यायचं नाही, तंबाखूतून मोझॅक येऊ शकतो. आणि जमेल तिथं कात्री नकोच, हातानेच मोडा.

पर्णसंख्या
ते तांबेऱ्यासारखं नाही हो, तांबेरा बुरशी असते. फळावर तपकिरी सुरकुतलेले डाग पाडणारा तो व्हायरस म्हणायचंय तुम्हाला.

फुटवे_काढ
हो तेच, तपकिरी डागाचा. मुद्दा हात धुवा हा.

ट्रेवाली
एक प्राथमिक गोष्ट विचारून घेते. दादा तुमचा वाण सतत वाढणाराच आहे ना, पाकिटावर बघितलंत? कारण हे सगळं छाटणीचं शास्त्र त्यालाच लागू. ठरावीक उंचीला थांबणारा झुडपी वाण असेल तर प्रत्येक खोडाच्या टोकाला फुलाचा घड येऊन वाढ थांबते, त्याचे पुढचे घड फुटव्यांवरच येतात. त्याचे फुटवे साफ केलेत तर माल पण साफ. त्याला फार तर पहिल्या फुलाच्या खालचे फुटवे काढतात, बाकी हात लावत नाहीत.

दुसरं, पांढऱ्या माशीबद्दल. पांढरी माशी अंडी वरच्या कोवळ्या पानावर घालते, पिल्लं मोठी होत होत पान खाली जातं, त्यामुळे कोश बुडाच्या पानांवर सापडतात. म्हणजे खालची पानं काढून घराबाहेर नेऊन पुरली की पुढची पिढीच बाहेर जाते. काढलेली पानं वाटेवर टाकून ठेवू नका, त्यांच्यातून माश्या निघतात आणि बुरशी पण. पण तुम्ही माशीवर एन्कार्सियासारखी मित्र गांधीलमाशी सोडणार असाल तर उलटं होतं, तिने अंडी घातलेले काळे पडलेले कोश त्याच खालच्या पानांवर असतात आणि ते बाहेर टाकलेत तर मित्रच बाहेर. काळे कोश दिसले तर ती पानं काही दिवस आतच एका कोपऱ्यात ठेवतात.

नवा_पडदा
ट्रेवाली ताई, हो, बघितलं, सतत वाढणाराच आहे. पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, इथं वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं वाचेल.

आता दोन शंका. घडातली फळं पण विरळ करायची असतात का? आणि शेंडा कधी खुडायचा, की खुडायचाच नाही?

तारेवरचा
फळं विरळणी वाणावर. मोठ्या फळाच्या वाणाला घडात ३-४ ठेवतात, तुमच्या मध्यम गोल फळाला ५-६, चेरीला कुणी हात लावत नाही. तुमच्या वाणाचा घड स्वतःच ५-६ फळांचा असेल तर काहीच करायचं नाही, टोकाची वेडीवाकडी, मांजरतोंडी (चिरा-खड्डे पडलेली) फळं किंवा एकमेकांना चिकटलेली फुलं तेवढी काढा. विरळणी करायची तर फळ वाटाण्याएवढं असताना. लिंबाएवढं झाल्यावर काढण्यात काही अर्थ नाही, तोवर त्याने आपला वाटा घेतलेला असतो.

विरळणीने एकूण वजन फारसं वाढत नाही, हे लक्षात ठेवा. फळं थोडी आणि मोठी, किंवा बरीच आणि बारीक. साखर तेवढीच. फायदा आकाराचा आणि एकसारखेपणाचा. आणि दुसरा फायदा असा की रोपावर सुरुवातीलाच ओझं पडत नाही, नाहीतर पहिले तीन घड गच्च भरतात, शेंडा बारीक पडतो आणि पाचवा-सहावा घड फुलंच गाळतो. मग महिनाभर भरपूर माल आणि पुढचा महिना रिकामा. माल सतत चालू हवा असेल तर पहिल्या दोन घडांवर लोभ आवरा.

शेंडा बघायची सवय लावा. टोकापासून साधारण १५ सेंमी खाली खोड पेन्सिलीपेक्षा थोडं जाड, १० ते १२ मिमी, असलं की रोप तोलात आहे. त्याहून बारीक होत चाललं तर रोपावर फळांचं ओझं जास्त झालंय किंवा ऊन कमी पडतंय, तेव्हा पानं काढणं थांबवा, एखाद्या घडातली दोन फळं कमी करा, जास्तीचं खोड धरलं असेल तर त्याचा शेंडा खुडायचा विचार करा. जाड होत चाललं तर फळं कमी आणि पाला जास्त, तेव्हा फळं विरळ करू नका, सगळी राहू द्या, हवं तर अजून एक फुटवा धरा. बहुतेक लोक खताची बाटली आधी उचलतात आणि खोड नंतर बघतात.

पर्णसंख्या
शेंड्याचं मी सांगतो. फूल उमलल्यापासून फळ लाल व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, गरम असेल तर लवकर, थंडीत अजून उशीर. त्यामुळे पीक कधी काढून टाकायचं ते ठरवा आणि तिथून मागे सात-आठ आठवडे मोजा, त्या दिवशी शेंडा खुडा. त्यानंतर येणारी फुलं तुम्हाला फळ देणारच नाहीत, उगाच साखर खातील. शेवटच्या घडाच्या वर दोन पानं ठेवून खुडा, घडाला लागूनच कापू नका, त्या पानांनी शेवटची फळं झाकली पण जातात आणि पोसली पण जातात. खुडल्यावर वरचे फुटवे चवताळून येतात, ते काढत राहा. कडक ऊन असेल तर वरच्या एखाद्या फुटव्याला एक पान ठेवून त्याचा शेंडा मारा, सावलीपुरता.

लांब पीक ठेवणार असाल तर तोवर शेंडा खुडायचा नाही, उतरवत राहायचं. तुमची तार ३ मीटरवर आहे, चांगल्या दिवसांत खोड आठवड्याला वीसेक सेंमी वाढतं, म्हणजे शेंडा तारेला पोचायला तीन-चार महिने. त्यामुळे दोरी आतापासूनच वर गुंडाळून जास्तीची ठेवा, हुकावर किंवा आकड्यावर, नंतर गाठी सोडत बसलात तर वेडे व्हाल. प्रत्येक वेळी २०-३० सेंमीच उतरवा, एकदम एक मीटर उतरवला तर शेंडा शेजाऱ्याच्या सावलीत जातो आणि सगळी पानं उलटीपालटी होतात, ती परत उन्हाकडे वळेपर्यंत काही दिवस जातात. एका ओळीतली सगळी खोडं एकाच दिशेने, बेडच्या टोकाला वळवून दुसऱ्या ओळीत.

कोरडं_पान
आणि हे सगळं करून सुद्धा घडात फळ धरत नसेल तर अंतर आणि छाटणीला शिव्या देऊ नका. दिवसा ३२-३५ च्या वर आणि रात्री पण गरम राहिलं की पराग निकामी होतो, फुलं गळतात. बंद घरात वारा नसतो त्यामुळे टोमॅटोचं फूल हलत नाही, हललं नाही तर पराग पडत नाही. मधमाश्या टोमॅटोच्या फुलाला फारशा विचारत नाहीत. सकाळी उशिरा, हवा कोरडी झाली की तारेवर हलकेच टकटक करत जा किंवा घड हलवायचं छोटं यंत्र मिळतं ते वापरा, एक दिवसाआड केलं तरी चालतं. दाट लावलेल्या घरात दमटपणामुळे पराग चिकटून बसतो, हा पण दाटीचाच एक तोटा, वर सांगायचा राहिला होता.

नवा_पडदा
बरं, तर मी असं ठरवलंय. ५० सेंमी, एक खोड, मधल्या बेडांना पूर्ण पीकभर तसंच. दोन्ही कडेच्या बेडांना ऊन वाढायला लागलं की प्रत्येक तिसऱ्या रोपाला पहिल्या घडाखालचा... की तेव्हा तो फुटवा राहिलेलाच नसेल ना, आधीच काढलेला असेल? मग कुठला धरायचा?

तारेवरचा
बरोबर पकडलंत. नंतर धरायचा असेल तर त्या वेळी जो घड फुलात आहे त्याच्या लगेच खालचा फुटवा धरा, जोमाचा असतो. फक्त कुठली रोपं ते आजच ठरवा आणि त्यांच्या दोरीला रंगीत फीत बांधा, नाहीतर फुटवे काढणारा सवयीने तोही काढतो आणि तुम्ही पुढच्या आठवड्यात शोधत बसता. आणि त्या रोपांजवळ वर तारेला दुसरी दोरी आत्ताच अडकवून ठेवा, पीक उभं राहिल्यावर स्टूल घेऊन आत शिरणं म्हणजे फळं पाडत फिरणं.

फुटवे_काढ
फीत लाल नको. पिकलेल्या फळांत दिसत नाही. निळी बांधा.

नवा_पडदा
निळीच आणतो 🙂 पुढच्या आठवड्यात लावणी, मग शेंड्याची जाडी मोजून टाकतो इथं.